आजच्या रात्रीचं बोलू

समोर उभं राहून उजव्या हाताने मारलेली थप्पड बाईच्या डाव्या कानावर बसते. महापालिका रुग्णालयातल्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत तिशीतली बाई येते आणि 'डाव्या कानाने कमी ऐकू येतंय, आत दडा बसल्यासारखं वाटतंय' म्हणते. कानाच्या पडद्याला ताजं भोक दिसतं. सर्दी नाही, पूर्वी कधी कान फुटलेला नाही. अशा वेळी केसपेपर परत देण्याआधी डॉक्टरने एक प्रश्न विचारायला हवा: घरी कुणी मारलं का? बहुतेकदा तो राहून जातो. रांग दारापर्यंत गेलेली असते, नवरा खांद्याला खांदा लावून उभा असतो आणि 'बाथरूममध्ये पाय घसरला' हे उत्तर सगळ्यांच्याच सोयीचं असतं.

हा प्रश्न विचारणारं माणूस रुग्णालयातच हवं, या विचारातून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' हे घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीचं समुपदेशन केंद्र सुरू केलं. त्याआधी १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष उघडला होता. दोन्हींमागे हिशोब एकच होता. मार खाणारी बाई 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी शोधत फिरत नाही. ती दवाखान्यात जाते किंवा अगदीच सहन होईनासं झालं की चौकीत जाते. मदत तिथेच बसलेली असली पाहिजे. दवाखान्याची आणखी एक सोय म्हणजे तिथे जायला घरातून कुणी फारसं अडवत नाही. हातात केसपेपर असला की दोन तास कुठे होतीस, याला उत्तर असतं.

पहिलं काम तिला सोबतच्या माणसापासून वेगळं करण्याचं. 'तुम्ही जरा बाहेर थांबा, आम्हाला यांच्याशी खासगी बोलायचंय' म्हटलं तर नवऱ्याचे कान टवकारतात आणि त्याची भरपाई ती रात्री करते. त्यापेक्षा 'ड्रेसिंग करायचंय', 'वजन-बीपी घ्यायचंय, बाईंना आत पाठवा' हे बरं. सासू किंवा नणंद सोबत असेल तरी हेच. मूल कडेवरचं असेल तर चालतं, पण अडीच-तीन वर्षांचं असेल तर ते घरी जाऊन 'मम्मी रडत होती' असं बिनचूक सांगतं. त्याला आयाबाईंकडे, बाहेर खेळायला पाठवावं. बाईला मराठी-हिंदी येत नसेल तर दुभाषी घरातला नसावा. मोठ्या मुलीला तर दुभाषी मुळीच करू नये.

मग प्रश्न. 'घरी काही त्रास आहे का?' या प्रश्नाला मुंबईत ठरलेलं उत्तर आहे, 'नाही, तसं काही नाही.' त्रास या शब्दात पाणी न येण्यापासून सगळंच बसतं. प्रश्न हाताला लागेल असा हवा. ते हात उचलतात का? शेवटचा कधी उचलला? पगार तुमच्या हातात राहतो की काढून घेतात? मोबाइल कोण तपासतं? तुमची इच्छा नसताना जवळ येतात का? कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार धरले आहेत. वरच्या प्रश्नांत ते चारही येऊन जातात, कलमाचा उच्चारही न करता. पुष्कळ बायकांना पैसे काढून घेणं ही हिंसा आहे हे पहिल्यांदा इथेच कळतं, आणि लग्नाच्या नवऱ्याची जबरदस्ती हीदेखील.

काय बोलू नये, हे यापेक्षा महत्त्वाचं. 'तुम्ही आधी काय बोललात?' नको. 'भांड्याला भांडं लागायचंच' नको. पण त्याच्या उलट टोकाचं 'अशा माणसाला सोडून का देत नाही?' हेही नको, आणि नव्याने काम शिकणाऱ्या तळमळीच्या मुली नेमक्या याच वाक्याशी घसरतात. ते ऐकल्यावर बाई मान डोलावते आणि पुन्हा येत नाही. नवरा तिला काय करायचं ते सांगत होता, आता मॅडम सांगायला लागल्या. शिवाय ज्या दिवशी ती घर सोडते तो दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. हातातून सुटतेय म्हटल्यावर पकड घट्ट होते. तयारीशिवाय घर सोडायला सांगणं म्हणजे तिच्या जिवावर आपली तत्त्वं चालवणं. पहिल्या भेटीचा खरा विषय तिचा संसार राहतो की मोडतो हा नसतोच. आज संध्याकाळी ती कुठे जाणार आणि उद्या सकाळी ती धड असेल का, हा असतो.

त्यासाठी धोका मोजावा लागतो. मारहाण अलीकडे वाढली आहे का, घरात कोयता-सुरा आणून ठेवलाय का, 'तुला संपवीन' असं म्हणतो का आणि तिला ते खरं वाटतं का, गरोदरपणात मारलं का, सतत संशय घेतो का. पण या सगळ्यांत एक गोष्ट बाई सहज, जाता जाता सांगते आणि ऐकणाऱ्याने ती जाता जाता सोडता कामा नये: 'गळा धरला होता.' गळा आवळल्यावर मानेवर पुष्कळदा वळ उमटतच नाही, म्हणून बाईलाही ते थपडेपेक्षा किरकोळ वाटतं. विचारायचं ते असं: आवाज बसला का? गिळताना दुखतंय का? डोळ्यापुढे अंधारी आली, क्षणभर शुद्ध हरपली? कपड्यात लघवी झाली का? डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल बारीक ठिपके दिसतात का ते बघायचं. यातलं एक जरी 'हो' असलं तरी डॉक्टरला दाखवल्याशिवाय घरी सोडायचं नाही, कारण आतली सूज आणि रक्तवाहिनीची इजा काही तासांनी किंवा दिवसांनीही जिवावर बेतते. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, आधी गळा आवळला गेलेल्या बाईचा पुढे त्याच माणसाच्या हातून खून होण्याचा धोका सुमारे सात पट दिसला होता. देश वेगळा असला तरी हात तेच.

जिवाचा विचार तिच्या स्वतःच्या बाजूनेही विचारावा लागतो. 'चुकून फिनेल पिण्यात आलं' अशी नोंद घेऊन वॉर्डात पडलेल्या बाईला, शेजारी कुणी नसताना, 'जीव नकोसा झाला होता का?' असं सरळ विचारावं. विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, तो आधीच तिथे असतो. पोलीस केस होईल या भीतीने बायका खरं सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली होती असंच मानतं आणि शिक्षेपासून वाचवतं, हे तिला स्पष्ट सांगितलं की पुष्कळ जणी बोलत्या होतात.

आता सुरक्षेची आखणी. परदेशी पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं, भांडण पेटतंय असं वाटलं की बाहेर पडायला दार असलेल्या खोलीत जा. चाळीतल्या एकशेऐंशी फुटांच्या खोलीत 'दुसरी खोली' कुठली? झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) इमारतीत २२५, पुढे २६९, आता ३०० चौरस फूट. एक दार, एक खिडकी, ओटा, कोपऱ्यात मोरी. झोपडपट्टीत वर पोटमाळा आणि त्याला उभी लोखंडी शिडी. त्यामुळे आखणी त्या खोलीचीच करावी लागते. तिला कागदावर खोली काढायला सांगावी. दार कुठे, ओटा कुठे, तो पिऊन आल्यावर कुठे बसतो, ती कुठे असते. ओटा ही सर्वांत वाईट जागा: सुरी, विळी, पेटता गॅस, कढईतलं तेल. दुसरी वाईट जागा मोरी. कडी लावून आत कोंडून घ्यावंसं वाटतं, पण तिथून बाहेर वाट नाही, फरशी ओली असते, आणि ती तकलादू कडी दोन लाथांत निघते. पोटमाळ्यावर तर जाऊच नये, शिडीवरून ढकलणं फार सोपं. तेव्हा तो येण्याच्या वेळेआधी स्वयंपाक उरकून घ्यायचा, सुरी-विळी डोळ्याआड ठेवायची आणि आवाज चढायला लागला की दाराच्या बाजूला सरकायचं. तो दारात आणि ती आत अशी मांडणी होऊ द्यायची नाही. दाराची वरची कडी रात्री लावायची नाही, फक्त मधली. चपला बाहेर, दुसरी किल्ली बाहेर.

शेजार हा मुंबईच्या दाट वस्तीचा खरा फायदा. पातळ भिंतीतून सगळं ऐकू जातं, फक्त 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून कुणी उठत नाही. शेजारणीने भांडणात पडायची गरजच नाही. दार ठोठावून 'भाभी, तुमच्याकडे पाणी आलं का?' एवढं विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं. तिसरं माणूस बघतंय म्हटल्यावर पुष्कळ हात खाली येतात. त्यासाठी खूण आधी ठरवावी, म्हणजे स्टीलचं ताट आपटणं किंवा गॅलरीत ठरावीक टॉवेल टाकणं. शेजारीण निवडताना तिचा नवरा याच्या बैठकीतला नाही ना, हे बघावं.

मुलांना शिकवायचं ते एवढंच की मध्ये पडायचं नाही, हे तुझं काम नाही, धाकट्याला घेऊन अमुक काकूंकडे जायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ११२ लावता आलं पाहिजे, पण फोन लावून पत्ता काय सांगणार? वस्तीत गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते. म्हणून पत्ता पाठ करून घ्यायचा तो चाळीचं नाव, गल्ली आणि गाडीला सापडेल अशी एक खूण, उदाहरणार्थ मंदिर, सार्वजनिक शौचालय किंवा रेशन दुकान. बायकांसाठी १८१ आणि मुंबई पोलिसांचा १०३ आहेच. आणि शेवटची लोकल निघून गेल्यावर पहाटेची पहिली गाडी येईपर्यंत कुठे जायचं? जवळच्या महापालिका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. तिथे चोवीस तास दिवा, माणसं आणि पोलीस शिपाई असतो. घरी जाणं धोक्याचं असेल तर डॉक्टर तिला निरीक्षणाखाली एक-दोन दिवस दाखल करू शकतात. तेवढ्या वेळात पुढची सोय लावता येते. रिक्षापुरते पैसे तांदळाच्या डब्यात नकोत, तिथे सगळेच शोधतात. ती ज्या घरी कामाला जाते तिथे ठेवले तर बरे.

कागदांची पिशवीही तिथेच. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, पासबुक, लाइट बिल, दवाखान्याचे सगळे केसपेपर, दागिन्यांचे फोटो आणि पावत्या, जमलं तर नवऱ्याची पगाराची स्लिप. झोपडीचा फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) किंवा एसआरएचं वाटपपत्र असेल तर त्याची प्रत नक्की, कारण पुनर्वसनातली सदनिका पती-पत्नीच्या संयुक्त मालकीची असते आणि सोसायटीच्या दप्तरी तशी नोंद असावी लागते. 'घर माझं आहे, चालती हो' असं रोज ऐकणाऱ्या बाईला हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं. मूळ कागद एकदम उचलून नेले तर लक्षात येतं. आधी झेरॉक्स काढावी, मूळ हळूहळू हलवावे.

मोबाइलचं प्रकरण नाजूक. तिचं जीमेल त्याच्या फोनवर चालू असतं, लोकेशन शेअर असतं, बँकेचा आणि 'लाडकी बहीण'च्या दीड हजाराचा मेसेज त्याच्या नंबरवर जातो. उत्साहाने सगळं बंद करून टाकू नये. काल उघडा असलेला फोन आज लॉक झाला, हेच भांडणाला पुरतं. जुना फोन जसा आहे तसा वापरात ठेवावा आणि महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करावं. जखमांचे फोटो विश्वासातल्या माणसाच्या फोनवर काढावेत, तारखेसह, एक जवळून आणि एक चेहरा दिसेल असा.

केसपेपर हा पुढे सर्वांत मोठा साक्षीदार ठरतो, म्हणून त्यावर काय लिहिलं जातं याकडे लक्ष हवं. 'घरगुती भांडणात मार' असं लिहिलेलं कोर्टात कुचकामी. कुणी, कशाने, कुठे, कधी मारलं ते बाईच्या शब्दांत, आणि इजेची जागा, माप, रंग. मेडिको-लीगल नोंद, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची इजेची वैद्यकीय नोंद, करून घ्यावी. पोलिसांत जायचं की नाही हे ती नंतर ठरवू शकते, पण न केलेली नोंद नंतर तयार होत नाही. चौकीतही तेच. 'कौटुंबिक वाद' म्हणून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात कागद देणं ही जुनी सवय. एनसीत पोलीस आपणहून तपास करत नाहीत, हे बाईला माहीत नसतं. तिला वाटतं केस झाली. नवऱ्याकडून वा सासरकडून होणारा छळ हा दखलपात्र गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्याचा एफआयआर होतो आणि प्रत फुकट मिळते. मात्र एफआयआर झाला की त्याला लगेच आत टाकतील असं तिला वाटत असेल तर तो गैरसमज आधीच काढावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर पोलिसांना अटकेचं कारण नोंदवावं लागतं. ती चौकीतून निघेल तेव्हा तो कदाचित घरीच असेल. म्हणजे प्रश्न पुन्हा त्या रात्रीचाच.

आणि याच जागी सगळ्यात जास्त बिघडतं. नवऱ्याला चौकीत बोलावतात, खडसावतात, 'समज देऊन' दोघांना एकाच रिक्षाने घरी पाठवतात. संस्थांमध्येही काही ठिकाणी दोघांना समोरासमोर बसवून 'दोघांचंही चुकतं' अशा सुरात तडजोड घडवतात आणि महिनाअखेरीच्या अहवालात 'घर वाचलं' म्हणून आकडा भरतात. हिंसा चालू असताना संयुक्त बैठक घेणं माझ्या मते निष्काळजीपणा आहे. त्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत घरी मोजते. कायद्यालाही 'दोघांचंही चुकतं' हा सूर मान्य नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतल्या नियम १४ नुसार कोर्टाने नेमलेल्या समुपदेशकाचं पहिलं उद्दिष्ट हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं हे आहे. मारलं 'कारण' ती उलट बोलली, असं समर्थन तिथे मांडूच द्यायचं नाही. समेटाचा प्रयत्न करायचा तो बाईची तशी इच्छा असेल तरच. नवऱ्याशी बोलावं लागतंच, पण ते वेगळं, आधी तिच्याशी ठरवून. त्याला काय सांगायचं, काय नाही, तिने सांगितलेली कुठली गोष्ट त्याच्या कानावर अजिबात जाता कामा नये. बैठकीत एकच मुद्दा, हात उचलायचा नाही. भाजीत मीठ कमी होतं का, याची चौकशी तिथे नको.

कोर्टाचा रस्ता थोडक्यात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, थेट किंवा त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. बाई सध्या माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहत असेल तर त्या भागातल्या कोर्टातही चालतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, म्हणून पहिल्याच अर्जात कलम २३ खाली अंतरिम आदेश मागावा: संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्च. संरक्षणाचा आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. वकील परवडत नाही म्हणून अडू नये, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अटच नाही. मुंबईत हमखास खेळली जाणारी खेळी म्हणजे घर सासूच्या नावावर असणं, नाहीतर तक्रारीचा वास लागताच ते करणं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं की ज्या घरात ती संसार करत होती ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. भाड्याची, पागडीची खोलीही यात येते.

एवढं सगळं सांगून, कागद हलवून, शेजारीण ठरवून झाल्यावर बाई नवऱ्याकडेच राहते, किंवा माहेरी जाऊन पंधरा दिवसांत परत येते. नव्या कार्यकर्तीला हा आपला पराभव वाटतो. हिशोब मांडून बघावा. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, त्यावर महिन्याचं भाडं. एकट्या बाईला खोली द्यायला घरमालक तयार नाही. माहेरी भावाची खोली तेवढीच, त्यात वहिनी आणि तिची दोन मुलं. संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात पाच दिवसांची सोय. अनेक निवारागृहांत मोठ्या मुलाला घेत नाहीत, मोबाइल ठेवू देत नाहीत, कामावर जाऊ देत नाहीत, म्हणजे असलेली नोकरीही जायची. अशा परिस्थितीत तिने 'अजून सहा महिने, पोराची दहावी होऊ दे' असं ठरवलं तर तो तिचा निर्णय विचार करून घेतलेला असतो. समुपदेशकाने त्या सहा महिन्यांची आखणी करावी: तिच्या एकटीच्या नावाचं खातं, महिन्याला बाजूला पडतील ते शंभर-दोनशे, कामाची चौकशी, आणि या आठवड्यात कुठली गोष्ट बदलली तर पुन्हा धोका मोजायचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली होती. समोर बसलेली त्या थोड्यांतली आहे, हे ध्यानात ठेवलं तर तिच्या परत जाण्याचा राग येत नाही.

पाठपुरावा तिच्या वेळेने. नळाला पाणी येण्याची वेळ, मुलाला शाळेतून आणण्याची वेळ, रेशनचा दिवस, यांच्या मधल्या फटीत ती मोकळी असते. घरात एकांत नसणारी बाई लोकलच्या लेडीज डब्यात मात्र निवांत बोलते, कारण तिथे कुणी ओळखीचं नसतं. फोन कधी करायचा, तिनेच करायचा की आपण, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं ('दवाखान्यातून बोलतेय, रिपोर्ट तयार आहेत') हे पहिल्याच भेटीत ठरवून फाईलच्या पहिल्या पानावर वर लिहावं. भिशीतल्या मैत्रिणीच्या नावाने नंबर सेव्ह करून द्यावा, संस्थेचं कार्ड हातात देऊ नये.

तीन महिने आली नाही म्हणून फाईल बंद करायची घाई नको. दीड-दोन वर्षांनी ती पुन्हा येते, तेव्हा खुर्चीत बहुधा दुसरी समुपदेशक असते. तिला मागचं सगळं माहीत असलं पाहिजे: शेवटच्या भेटीत काय ठरलं होतं, कागद कुणाकडे आहेत, गळा धरल्याची नोंद आहे का, कुठली शेजारीण. बाईला 'पहिल्यापासून सांगा' म्हणण्याची वेळ येऊ नये इतपत नोंद नीट हवी, आणि ती फाईल कुलपात हवी, कारण नवरे चौकशीला केंद्रावरही येतात.